हाडाशी हळू बोला

पेढे आधी वाटले, एक्स-रे नंतर पाहिला. माझ्या हातून झालेल्या गाढवपणांची यादी तशी लांब आहे, पण तिच्यात हा पहिल्या ओळीत बसतो.

जुन्या जालन्यातल्या त्या दवाखान्यात बाकावर बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्या हिशेबानं त्या दिवशी पायाचं प्लास्टर कायमचं निघणार होतं. पाय मोडून वर्ष होत आलं होतं. एवढ्यात तोडलेल्या बाभळीला नवी फांदी फुटते, मंग हाडाला काय झालं? म्हणून येताना पेढ्यांचा पुडा घेतला आन् माझा नंबर यायच्या आत सगळ्या बाकाला एकेक पेढा देऊन टाकला. गळ्यात हात अडकवलेले, कंबरेला पट्टा बांधलेले, सगळ्यांनी "सुटले बिचारे" म्हणत तोंड गोड केलं. कंपाउंडरनं दोन घेतले.

आत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. बराच वेळ पाहिला. मी हातात पेढा धरून उभा, म्हणजे कुबड्यांवर लटकलेला.

"नाना," ते म्हणाले, "हे नॉन-युनियन आहे."

नॉन-युनियन म्हणजे हाड न जुळणं. मोडलेली दोन टोकं समोरासमोर असतात, पण मधली फट भरत नाही. शरीर काही दिवस जुळवायची खटपट करतं आणि मग काम अर्धवट टाकून देतं. टोकं गुळगुळीत होऊन बसतात, भांडण झालेल्या दोन भावांसारखी, एका घरात पण तोंडं फिरवून.

हातातला पेढा कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी मीच खाल्ला. बाहेर आलो तर अख्खा बाक विचारून राह्यला, "निघालं का प्लास्टर?" माझी बायको शकुंतला माझ्यामागं उभी होती. ती म्हणाली, "चला जल्दी, नाहीतर पेढे परत मागतील."

मी कोण ते सांगतो. तीर्थपुरीला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हे माझं काम. विहिरीतली मोटार वर ओढताना तिकाटणं, म्हणजे दोर टांगायची तीन बल्ल्यांची घोडी, सरकलं, मोटार माझ्याकडं आली आणि मी तिला आडवा झालो. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. डॉक्टरांनी स्टीलची पट्टी टाकून ते बसवलं. पुढं आत पू झाला, पट्टी काढावी लागली. जखम सुकायला कितीतरी महिने गेले. जखम सुकली म्हणजे सगळं झालं असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी पुढचे रस्ते समजावले. एक म्हणजे पाय पुन्हा उघडायचा, कंबरेचं थोडं हाड काढून फटीत भरायचं. याला बोन ग्राफ्ट म्हणतात, म्हणजे हाडाचं कलम. "चांगला उपाय आहे," ते म्हणाले, "पण तुमच्या पायात एकदा पू होऊन गेला. उघडल्यावर तो परत उठला, तर पाय ठेवायचा की काढायचा हा प्रश्न येईल. मी खोटं बोलणार न्हाई."

"आन् दुसरा रस्ता?"

"दुसरा रस्ता विजेचा आहे."

मी हसलो. जन्मभर विजेचे शॉक खाऊन राह्यलो, तिनं माझं काही जुळवल्याचं मला आठवत नव्हतं.

डॉक्टर मूळचे राजस्थानातल्या व्यापारी घरातले. आजोबांच्या आधीपासून जालन्यात. पेशंटशी गावातल्यासारखंच बोलायचे. त्यांनी टेबलावरचा कागदाचा गठ्ठा हातात वाकवून दाखवला. "हाड म्हणजे दगड न्हाई नाना. त्यात जिवंत पेशी राहतात. आपण चालतो तेव्हा हाडावर भार येतो, ते किंचित वाकतं. वाकलं की त्यात अगदी बारीक वीज तयार होते. ती वीज पेशींना कळते. इथं भार आहे, इथं हाड घाला, तिथं काम न्हाई, तिथलं काढा, असं त्यांचं चालतं. तुमचा पाय वर्षभर पलंगावर. त्या पेशींना कुणी काही सांगितलंच न्हाई."

"मंग आता कोण सांगणार?"

"एक कॉइल पायाभोवती बांधायची. त्यातून ठरलेल्या लयीत विजेचे झटके सोडायचे. त्याला पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड म्हणतात. कातडीला काही लागत न्हाई, पण आत हाडात तशीच बारीक वीज उठते. पेशीच्या कातडीला छोटे छोटे दरवाजे असतात. त्यातून कॅल्शियमसारखे क्षार आत-बाहेर जातात, आन् त्यांच्यावर विजेचा भार असतो. इशारा मिळाला की दरवाजे हलतात आन् पेशी कामाला लागते, असं समजतात. नक्की कसं, ते पुरतं कुणालाच माहीत न्हाई. कुणाचं जुळतं, कुणाचं जुळत न्हाई. माझा एक डॉक्टर मित्र परदेशातून मशीन घेऊन आलाय, ते तुम्हाला वापरायला देतो. तीन महिने पाहू."

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरला हेच विचारा: कुणाचं जुळतं आणि कुणाचं नाही. जो दुसऱ्या अर्ध्याचंही उत्तर देतो, त्याच्या हातात पाय द्यायला हरकत नाही.

मशीन घरी आलं. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक कडी. रोज आठ तास बांधायची. पहिल्या दिवशी बांधली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि पुढं काहीच नाही. गुणगुण नाही, ऊब नाही, मुंग्या नाहीत. कान लावला, पेचकस जवळ नेला. पेचकस हललासुद्धा नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. ज्यानं आयुष्यभर कॉइली भरल्या, त्याच्या मते चालू कॉइल आवाज करते, गरम होते आणि लोखंड ओढते. यातलं काही नाही म्हणजे कॉइल मेलेली. मी तिच्याकडं पाहून मनात दोन शिव्या दिल्या.

त्यात लोडशेडिंगचा कहर. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. लाइट कधी येईल याचा नेम नाही, आली तर टिकेल याचा भरवसा नाही. आठ तासांतले चार तास कसेबसे मिळायचे. ही एक गोष्ट मी बराबर केली. डॉक्टरांना फोन करून विचारलं, मशीन किती व्होल्टवर चालतं, बॅटरीवर चालवलं तर चालेल का. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि हो म्हणाले. मग ट्रॅक्टरची बॅटरी पलंगाखाली ठेवली. लाइट असली की ती चार्ज व्हायची, गेली की माझा पाय तिच्यावर चालायचा. गल्लीत अंधार आणि आमच्या घरात फक्त एक हिरवा ठिपका. शेजारच्या काकू म्हणायच्या, "नानाच्या पायाला लाइट हाय, आमच्या मिक्सरला न्हाई."

आमच्याकडं आजाऱ्याला पाहायला येतात. कुणी यायचं राहिलं तर पुढं दहा वर्षं ते काढतात, म्हणून सगळेच येतात. येणारा केळी आणतो, बिस्किटाचा पुडा आणतो आणि एक गोष्ट आणतो. गोष्ट नेहमी दुसऱ्याच्या पायाची असते आणि ती कधी चांगली संपत नाही. माझ्या पलंगाभोवती बसून लोक अमक्याच्या गुडघ्याबद्दल, तमक्याच्या मांडीबद्दल बोलायचे. शेवटी सगळ्यांच्या नजरा चादरीखालच्या माझ्या पायावर यायच्या, बैलबाजारात बैलाच्या खुरावर येतात तशा.

"काही कळतंय का आत?" एकानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग ते मशीन काय करून राह्यलं?"

हा प्रश्न मला लागला. माझ्याच दुकानाच्या गल्लीत मला कॉइल चालू आहे का म्हणून विचारतात! दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जाड तांब्याची तार मागवली, जुन्या बॅटरी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर काढला आणि पलंगावर बसून स्वतःची कॉइल भरायला घेतली.

"डॉक्टरला विचारलं का?" शकुंतला म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? कॉइल आहे."

"तुमचा पाय आहे तो. मोटार न्हाई."

मी ऐकलं नाही. डॉक्टरांची कडी खाली, माझी वर, दोन्ही चालू. काय गुणगुण होती म्हणता! पाय छान ऊबदार झाला. खिळे टपटप येऊन चिकटायचे. पाहायला येणाऱ्यांना मी खिळे चिकटवून दाखवायचो आणि ते केळी विसरून टाळ्या वाजवायचे. आठवडाभर हा खेळ चालला. मग प्लास्टरखाली आग व्हायला लागली.

जालन्याला प्लास्टर कापलं तर कातडीवर पैशाएवढा फोड. डॉक्टरांनी फोड पाहिला, मला पाहिलं, मग शकुंतलेला पाहिलं. तिनं पिशवीतून माझी कॉइल काढून टेबलावर ठेवली. मुद्देमाल हजर.

ते ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "नाना, कुणाला फोन लावायचा तर बटणं जोरात दाबून लागतो का?"

"न्हाई."

"नंबर बराबर पाहिजे. ह्या मशीनचा नंबर ठरलेला आहे. किती जोर, किती वेळा, मधी किती थांबायचं. पेशी ताकद पाहत न्हाई, इशाऱ्याची लय पाहते. तुम्ही पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीशी बोलल्यासारखं बोलून राह्यले. पेशी इतकी बारीक आहे की तिच्याशी हळू बोलावं लागतं. तुम्ही शेजारी बसून भोंगा लावला."

फोड भरेपर्यंत मशीन बंद ठेवावं लागलं आणि प्लास्टरच्या जागी काढता-घालता येणारा पट्टा आला. माझी कॉइल पुढं एका मोटारीत गेली आणि तिथं ती अजून चांगली चालते.

तीन महिन्यांचा एक्स-रे काढला. फट होती तशीच. डॉक्टर म्हणाले, "काही दिसत न्हाई. मधले दिवस वाया गेले, म्हणून हे फेल झालं असं म्हणवत न्हाई. पास झालं असंही म्हणवत न्हाई. आणखी थांबायचं असेल तर मी सोबत आहे. ऑपरेशन करायचं असेल तरी सोबत आहे. विचार करा."

विचार करायला घरी आलो तर विचार आधीच झालेला होता. माझ्या अक्काचे मालक, हसनाबादचे दाजी, येऊन बसले होते. आमच्यात दाजी म्हणजे घरचा जावई. त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची पद्धत नाही. माझे वडील त्यांच्यासमोर खाली बसायचे. ओटीवर माझ्या पलंगाभोवती भावकी जमली होती आणि अक्का भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून बसली होती.

"नाना, हट्ट पुरे झाला," दाजी म्हणाले. "ते मशीन म्हणजे नुसता खर्चा आन् वेळ. उघडलं की पू होणार, आन् मंग मांडीपर्यंत जाईल. त्यापेक्षा आत्ताच गुडघ्याखालून काढून टाकू. नकली पाय बसवला की वर्षात बुलेट चालवशील."

"दाजी, चांगल्या पायानं मला कधी बुलेट आली न्हाई. नकलीनं कशी येईल?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"चेष्टा नको. लहान भावासारखं सांगून राह्यलो. सोमवारची जीप सांगून ठेवली. औरंगाबादला जाऊ, दोन दिवसात मोकळं करू."

लोक वाईट नव्हते. दाजी तर बिलकुल नव्हते. पाय मोडला त्या दिवशी विहिरीवरून मला पाठीवर घेऊन पळाले ते दाजीच. पण वर्षभर तेच तेच पाहून सगळे दमले होते आणि दमलेल्या माणसांना काहीतरी एकदाचं व्हावं असं वाटतं. भलं की बुरं हा पुढचा प्रश्न. मलाही तसं वाटून राह्यलं होतं, हे खरं सांगतो. जीपमध्ये बसणं फार सोपं होतं.

मी पलंगावर बसून चादर बाजूला केली, पट्टा सोडला. पाय पाहिला. काडीसारखा झाला होता, केस झडलेले, फोडाचा डाग. त्या क्षणी त्याच्याबद्दल मला जे वाटलं ते बायकोबद्दलही लग्नात वाटलं नव्हतं.

"जीपवाल्याला न्हाई म्हणून सांगा," मी म्हणालो.

सगळ्या माना दाजींकडं वळल्या.

"हा पाय माझा आहे दाजी. इथं बसलेल्या दुसऱ्या कुणाचा न्हाई. डॉक्टर ज्या दिवशी म्हणतील काढा, त्या दिवशी मी स्वतः उडी मारून टेबलावर चढतो, एका पायानं. पण पाहून पाहून लोकांना कंटाळा आला म्हणून मी पाय कापून घेणार न्हाई. हाड कामाला लागत न्हाई तर त्याला आणखी सांगू. रोज सांगू. मला दुसरं काम तरी काय आहे?"

दाजी उठले. शकुंतलेनं ताट वाढलं होतं. ते ताटाकडं न पाहता चप्पल घालून निघाले. जावई घरून उपाशी गेला. आमच्याकडं याच्यापेक्षा मोठा गुन्हा म्हणजे फक्त खून. अक्का त्यांच्यामागं गेली, दारात थांबली, परत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग गेली.

शकुंतलेनं ते वाढलेलं ताट माझ्यापुढं सरकवलं, पलंगाखाली वाकून बॅटरीची वायर जोडली आणि हिरवा दिवा लागला का ते पाहिलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा लागू झाला. पाहायला या, चहा घ्या, पाऊसपाण्याचं बोला, पोरांच्या लग्नाचं बोला. दुसऱ्याच्या पायाची गोष्ट काढली की शकुंतला पेला उचलायची, चहा अर्धा असला तरी. गावात आम्हाला माजले म्हणायला लागले. म्हणू द्या. आजारी माणसाला थोडा माज लागतो, औषधासारखा.

आठ तास म्हणजे आठ तास. एक मिनिट कमी नाही आणि माझ्या कारागिरीचा एक फेराही जास्त नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच भार पायावर द्यायचा, वजनकाट्यावर पाय टेकवून मापायचा. मशीन काही बोलायचं नाही, पाय काही बोलायचा नाही. मीही हळूहळू गप्प बसायला शिकलो. इतक्या बारीक आवाजात कुणी काही सांगत असेल, आणि ते कुणीतरी ऐकत असेल, यावर नुसता भरवसा ठेवून बसायचं हे काम मोटार वर ओढण्यापेक्षा जड आहे.

पुढच्या एक्स-रेत डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक फटीजवळ नेलं. "हे पाहा." मला काही दिसेना. "डोळे बारीक करा." मग दिसलं. काचेवर कुणी श्वास सोडावा तसं पांढुरकं काहीतरी, फटीच्या एका कडेला.

"कॅलस," ते म्हणाले. कॅलस म्हणजे जुळणाऱ्या हाडाभोवती पेशींनी घातलेला कच्चा भराव, कच्चं हाड. "काम सुरू झालंय, नाना."

पेढे घेतले नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. आम्ही दोघं चोरासारखं घरी आलो.

त्यानंतर ते पांढुरकं दाट होत गेलं, पलीकडच्या कडेला पोचलं आणि एका सकाळी डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून माझी नडगी दोन्ही हातांत धरून वाकवायचा प्रयत्न केला. इतके महिने तिथं एक ढिला सांधा होता, नसायला पाहिजे तिथं. त्या दिवशी काही हललं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. हललं नाही.

"जुळलं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "नीट पाहा डॉक्टरसाहेब, एक्स-रे माझाच आहे ना?"

पाय बोटभर आखूड आहे. एका चपलेला जाड तळ लावतो. विहिरीच्या कामाला आता माणूस ठेवलाय आणि वरून त्याला ओरडायचं काम मी करतो. दाजी नंतर आले, पोटभर जेवले आणि गावभर सांगत फिरले की नाना आमच्यासारखाच हट्टी, म्हणून वाचला.

हे वाचून लगेच कॉइल शोधायला निघू नका. ऑपरेशनला घाबरू नका. ज्यांनी ते केलं, त्यांतले बरेच माझ्याआधी चालायला लागले. आणि कुणाचा पाय खरंच काढावा लागला तर तो हरला असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी एवढंच सांगतो: ठरवायचं ते डॉक्टरच्या टेबलाशी ठरवा, ओटीवरच्या बैठकीत नाही. आणि डॉक्टरनं सांगितलेल्यात आपलं डोकं घालायचं असेल तर आधी फोन करा.

डॉक्टर "जुळलं" म्हणाले त्या दिवशी जालन्याहून परत येताना एस.टी.त आम्हाला खिडकीची जागा मिळाली. मी पाय समोर लांब केला होता आणि शकुंतलेला पेशींचं व्याख्यान देऊन राह्यलो होतो. बघ, आपल्याला ऐकू येत नाही, कळत नाही, एवढा बारीक इशारा, आणि आत त्या एवढ्याशा पेशीला तो कळतो, दरवाजे उघडतात, ती बिचारी कामाला लागते. कमाल आहे की नाही?

ती बराच वेळ माझ्या पायाकडं पाहत होती. मग म्हणाली, "इशारा कळतो ते चांगलंच आहे. पण आपली भाषा कळत न्हाई, तेच बरं झालं. वर्षभर लोकं त्याच्या तोंडावर काय काय बोल्ले. कळलं असतं तर त्यानं कव्हाच हात टेकले असते."